ड्रायव्हरचं वजन

"गाडी डावीकडे ओढून राह्यली," सर जेवता जेवता म्हणाले. "रविवारी बसजो थोडी." आणि माझ्या हातातला भाकरीचा तुकडा वरणाच्या वाटीत तसाच राहिला. बसजो म्हणे! सांगून मोकळा झाला माणूस आणि वर ठेचा मागितला. मी ठेचा वाढला, पाणी दिलं, धामणगाव बढ्याचा कार्यक्रम कसा झाला ते विचारलं, परत येताना राजूर घाटात गाडी कशी कडेला जात होती तेही ऐकून घेतलं. आणि पूर्ण वेळ डोक्यात एकच, की रविवारी त्या सीटवर बसावं लागणार, आणि बसले की यांना कळणार. पावसाळाभर झाकून ठेवलेली गोष्ट एका म्हाताऱ्या अ‍ॅम्बेसेडरच्या चाकापायी उघडी पडणार होती. सरांनी ताट धुतलं, पालथं घातलं, आणि अंगणात जाऊन गाडीवर हात फिरवत उभे राहिले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. मला त्या पाठीचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

सर म्हणजे आमचे हे. प्रसेनजित असं भारदस्त नाव आहे, पण आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवण्यात सगळी नोकरी गेली, म्हणून सगळं बुलढाणा सर म्हणतं आणि मीही म्हणते. मी झेडपीच्या शाळेत तेवढाच खडू झिजवला, मला घरात कुणी मॅडम म्हटलं नाही. मी आपली नावाची समता ती समताच. असो. तर पावसाळा संपला की सर अंगणात गाडीची पुढची चाकं सरळ करायला काढतात. गावात मशीनवाले आहेत, चहा पिऊन होईपर्यंत काम करून देतात, पण नाही. बाबांची गाडी परक्याच्या हातात द्यायची नाही. बाबा म्हणजे माझे सासरे, कचरूबाबा. साहेबलोकांची सरकारी गाडी चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि तीच गाडी निकामी ठरून लिलावात निघाली तेव्हा ती त्यांनीच घेतली. मागच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. मी नवी सून, तर माझ्यासाठी मागचं दार उघडून धरायचे, "बसा बाईसाहेब" म्हणायचे आणि स्वतःच खदाखदा हसायचे. मी लाजून चूर. शेजारपाजारचे दारात येऊन बघायचे. ड्रायव्हरची सून मागं बसून चालली, हे त्यांना लोकांना दाखवायचं असायचं, आणि खरं सांगते, मलाही आवडायचं.

चाकं सरळ करणं म्हणजे दिवसभराचं काम. गाडीच्या दोन्ही बाजूंना गज उभे करायचे, त्यांना गवंड्याचा दोरा ताणून बांधायचा, मग दोऱ्यापासून पुढच्या चाकाची पुढची कड किती दूर आणि मागची कड किती, ते पट्टीनं मोजायचं. चाकं पुढून केसभर आत वळलेली पाहिजेत. नसली तर खाली निजायचं, नट सैल करायचा, दांडा थोडा फिरवायचा, नट आवळायचा, गाडी मागेपुढे ढकलायची आणि परत मोजायचं. हे करताना ड्रायव्हरच्या जागेवर ड्रायव्हरएवढं वजन लागतं, कारण माणूस बसला की गाडी दबते आणि चाकांची ठेवण बदलते. ड्रायव्हर तर खाली निजलेला. मग वर कोण? मी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सरांनी मला पिठाच्या गिरणीत नेलं होतं. तिथल्या मोठ्या काट्यावर आधी स्वतः उभे राहिले, मग मला उभं केलं. काटा त्याच जागी थांबला. गिरणीवाला फिसकन हसला, मी दळणाचा डबा तिथंच टाकून तरातरा घरी आले. पण तेव्हापासून मी सरांचं वजन. एकाच पातेल्यातलं खाऊन दोघंही सारखीच जाड झालो आणि मग तिथंच थांबलो. मी बसले की सर सगळ्यात आधी चाकावरच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजतात, ती दरवर्षी तीच येते, आणि खालून आवाज येतो, "तंतोतंत!" मला त्या शब्दाची चीड यायची. बायकोला कुणी तंतोतंत म्हणतं का?

यंदा ती उंची तशी येणार नव्हती. ब्लाउज मी आतून शिवून घेतले होते. दोन परकर घालत होते, वरून स्वेटर, आणि थंडी वाजते म्हणून सांगत होते. बरगडीखालून निघून पाठीत जाणारं ते दुखणं मी आधी पित्तावर ढकललं, मग वयावर. शेवटी निवृत्त शिक्षकांची बैठक आहे असं सांगून एसटीनं खामगावला गेले. डॉक्टर कोवळी पोरगी होती. "सोबत कोणी आलंय का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बाई, मी आयुष्यभर पोरांचे निकाल सांगितलेत, तू माझा सांग." तिनं सांगितलं. सांगताना तिचेच डोळे भरून आले, मीच तिला पाणी प्यायला लावलं. "मोठ्या दवाखान्यात जा, उशीर करू नका," ती परत परत म्हणत होती. मी एसटीत खिडकीजवळ बसले, बाहेर सोयाबीन काढून झालेली रिकामी वावरं जात होती, आणि माझा निर्णय खामगावची वेस ओलांडायच्या आतच झाला होता. मला उशीरच करायचा होता. इतका उशीर, की नंतर कुणाला काही करता येऊ नये.

कारण छाया. माझी धाकटी बहीण, उंद्रीला दिलेली. तिला हेच झालं होतं, आणि सर तिला दुरुस्त करायला निघाले होते. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. आमच्या घरात वस्तू मरत नाही. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, माझ्या माहेरचं भिंतीवरचं घड्याळ, सगळं उघडून, साफ करून, नवा तुकडा घालून परत चालू. "होऊन जाईन," सर म्हणतात, आणि होतंही. छायालाही तेच म्हणाले. उंद्रीहून तिला उचलायचे, याच गाडीच्या मागच्या सीटवर निजवायचे आणि अकोल्याला न्यायचे. तिचा नवरा थकला, तिची लेकरं थकली, सर थकले नाहीत. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, तर यांनी नागपूरचा डॉक्टर शोधून काढला. एकदा मेहकरच्या फाट्यावर चहाला थांबलो होतो. सर उतरल्यावर छायानं माझं मनगट धरलं. "ताई, भाऊजींले सांग ना वं, पुरे झालं आता." मी सांगितलं. हात जोडून सांगितलं. "आता सोडून देऊ म्हनतं?" सर म्हणाले. "एक डाव पाहू, होऊन जाईन." छायानं नागपूरला जीव सोडला, नाकात नळी, आणि नळी उपसून काढते म्हणून हात पलंगाच्या दांडीला बांधलेले. फडक्यानं बांधलेले. ते फडकं निळ्या चौकडीचं होतं. सर ढसाढसा रडले, तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त रडले. राग तरी कुणावर काढायचा? तिच्यावर त्यांची सख्ख्या बहिणीसारखी माया होती, आणि त्या मायेनंच तिला सुखानं मरू दिलं नाही.

रविवारी सकाळी सर ग्रीस आणायला बाजारात गेले आणि मी कामाला लागले. आधी लोखंडी खल. ओट्यावरून उचलला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली, मग पायरीवर बसले, मग उठले. गाडीचं दार उघडून खल पायांच्या जागेत, पेडलच्या मागं सारला. मग वरवंटा. मग खडेमिठाची पिशवी. मग सासूबाईंच्या वेळची ती जाड बुडाची लोखंडी कढई, जी मी कित्येक वर्षांत चुलीवर चढवली नव्हती. किती घालायचं हे मला कुठं माहीत? काट्यावर उभं राहायची माझी हिंमतच होत नव्हती, तेव्हा किती उतरलं ते कळणार कसं? मग अजून थोडं असू दे म्हणून जात्याची वरची तळी ढकलत ढकलत अंगणापर्यंत आणली आणि तिथंच सोडली, ती काही माझ्यानं उचलेना. एवढी वर्षं पोरांना वजन-मापं शिकवणारी बाई मी, आणि अंदाजपंचे मीठ घालावं तसं स्वतःला गाडीत भरत होते. हसू येत होतं आणि पोटात कळ येत होती. सगळ्यावर गोधडी टाकली आणि सर फाटकाशी येईपर्यंत मी स्टेअरिंग धरून बसलेली.

"लयच हौस आली आज?" सर म्हणाले.

"लवकर आटपा. मले सैपाक हाये."

"स्टेअरिंग सरळ धर फक्त. हालू नको."

दोरे बांधून झाले. ऊन काचेतून मांडीवर येत होतं. सर टेप घेऊन पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसले, त्यांचं टक्कल तेवढं बॉनेटच्या पलीकडे दिसत होतं. मी श्वास धरला. टेप सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग टेप परत मिटली, परत उघडली. सर उठून दुसऱ्या बाजूला गेले, तिथं मोजलं, परत इकडे आले. कमी पडलं, मला वाटलं. ती तळी पाहिजे होती. सर सरळ उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि ग्रीस लागलेल्या मनगटानंच डोळे पुसायला लागले.

"अवं समता," ते म्हणाले, "तुह्यं वजन वाढलं वं."

"काय?"

"गाडी जास्त दबली. मांगच्या सालापेक्षा जास्त. दोनदा पाह्यलं म्या." ते खिडकीशी आले आणि हसायला लागले, त्यांच्या गालावर काळे पट्टे उमटले होते. "तुले एक सांगू? रागावजो नको. गाडी काई ओढून नाई राह्यली. म्या खोटं सांगतलं."

मी गोधडी पायानं आणखी आत सारली.

"दिवाईपासून पाहून राह्यलो. बांगड्या पार कोपरालोक जाऊन राह्यल्या तुह्या. ताटात नुसतं चिवडनं. विचारावं तं खेकसनं. आन खरं सांगू, मलेच भ्याव वाटे विचाराचं. तू छायावानी काई सांगतलं असतं तं? म्हनलं, गाडीच सांगन. झालं, सांगतलं तिनं. मायीन, जीव भांड्यात पडला माह्या." त्यांनी खिडकीच्या काचेवर टकटक केली, लग्न नवं असताना करायचे तशी. "आता दोरा बांधलाच हाये तं काम करूनच टाकतो. मंग जाऊ पुन्याले, प्रतीक्षाकडे. गाडी घेऊनच जाऊ. लेक म्हनन, आई पाह्य कशी भरली."

आणि ते खाली निजले. पान्याचा आवाज यायला लागला आणि त्या आवाजाच्या मधे मधे त्यांचं बोलणं. पुण्याला जाताना कुठं थांबायचं, प्रतीक्षासाठी शेंगदाण्याची चटणी न्यायची, ती तिथं आपली भाषा बोलायला लाजते तिला पुन्हा शिकवायची. माझं काम झालं होतं. सर आता हिवाळाभर निर्धास्त झोपणार होते आणि मला माझा उशीर मिळाला होता. आधी खरंच सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांची दया आली. आणि मग जो संताप आला तो मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. दिवाळीपासून बघतोय म्हणे! बघितलं, घाबरला, आणि टेप आणली. आत्ता या खिडकीत माझं तोंड त्याच्या तोंडापासून चार बोटांवर होतं, माझे गाल बसलेत, डोळ्यांखाली काळं झालंय, गळ्याशी हाडं वर आलीत, आणि हा शहाणा मडगार्डचं ऐकून नाचायला लागला. अरे, माझ्याकडे बघ ना! आणि मी तरी काय दिवे लावले? तोंड उघडायचं सोडून खल-वरवंटा वाहिला. आमच्यासारखी दोन माणसं एका घरात कुणी आणून बसवली कोण जाणे.

मी स्टेअरिंग धरून बसले आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं. फाल्गुनात कधीतरी मी अंथरूण धरीन. तेव्हा सरांना कळेल. डॉक्टर हात वर करतील, म्हणजे माझ्या मनासारखं होईल. आणि मी गेल्यावर हा माणूस अंगणात या गाडीशी बसून येईल त्याला सांगत सुटेल, म्या मोजलं होतं, दोनदा मोजलं होतं, वजन वाढलं होतं तिचं. मरेपर्यंत सांगेल. लोक समजून घेतील, मान हलवतील, आणि याला कधी कळणार नाही की चुकलं कुठं. चुकलेलं माप शोधून काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही, मी बघितलंय. ही खोटी उंची मी त्याच्या गळ्यात बांधून जाणार होते. छायाचे हात बांधले त्याचा सूड म्हणून? असेलही थोडा. पण नाही, एवढी मी वाईट नाही.

मी दार उघडलं, गोधडी बाजूला केली, खल दोन्ही हातांनी उचलून बाहेर फरशीवर ठेवला. लोखंड दगडावर वाजलं.

"काय पडलं वं?" पलीकडच्या चाकाखालून आवाज.

"काई नाई."

"हालू नको ना, माप चुकते."

मी वरवंटा ठेवला. तो घरंगळत जाऊन विटेला लागला. मग मिठाची पिशवी ओढून काढली, ती दारात फाटली आणि खडे फरशीवर पसरले. पान्याचा आवाज थांबला होता. कढई काढताना माझा श्वास फुलला, ती निसटली आणि ठणाणा करत गोल फिरून पडली. सर उठून गाडीला वळसा घालून आले. त्यांनी खल बघितला, कढई बघितली, मिठाकडे बघितलं. माझ्याकडे बघायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला.

"आता मोजा," मी म्हणाले.

ते जाऊन चाकाशी गुडघ्यावर बसले, टेप लावली. दुसऱ्या बाजूला गेले नाहीत. एकदाच मोजलं, आणि मग तसेच बसून राहिले, एक हात टायरवर ठेवून.

"कुठं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"पोटात."

"दाखवलं?"

"खामगावले. छायाले होतं तेच हाये. पसरलं म्हने."

ते मान खाली घालून ऐकत होते. मग मी माझं पाठ केलेलं म्हणून टाकलं. इतके दिवस भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना, यांच्या शेजारी बसून टीव्ही बघताना मी ते घोकत होते. "मी अकोल्याले येनार नाई. नागपूरले नाई. मुंबईले तं नाईच नाई. मले नळ्या नको. माह्ये हात कोनी बांधाचे नाई. मले घरी राहू द्या, दुखन तवा दुखाची गोळी द्या, बाकी काई करू नका. मले दुरुस्त करू नका, सर." माझा आवाज चढला होता, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई वाकून बघत होती, बघू दे. यांची सगळी उत्तरं मला माहीत होती आणि प्रत्येकावर माझं उत्तर तयार होतं. ते म्हणतील नवीन औषधं निघालीत, मी म्हणेन छायाच्या वेळीही निघाली होती. ते म्हणतील प्रतीक्षाचा विचार कर, मी म्हणेन तिलाच विचारा मावशी कशी गेली. ते म्हणतील एक डाव पाहू. तेव्हा काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, ते सगळ्यात कडू होतं आणि शेवटी काढायचं म्हणून राखून ठेवलं होतं. मी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि थांबले.

सर उठले. टेप खिशात घातली. दाराशी येऊन माझ्याकडे बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश, जसं मला कधी कुणी बघितलं नव्हतं. स्वेटर बघितला, मनगट बघितलं, गळा बघितला.

"बरं," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिले.

"बरं काय?"

"तू म्हनतं तसं. नाई नेत."

नाई नेत. या माणसानं पंख्याच्या जळक्या कॉइलला कधी नाही म्हटलं नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली होती. आणि मला बघितलं, एकदा मोजलं, आणि बरं म्हणाला. म्हणजे संपलंच होतं. खामगावच्या त्या पोरीनं सांगितलं तेव्हा मला नुसतं कळलं होतं, एसटीत बसून मी निर्णय घेत बसले होते, जणू हे सगळं माझ्या निर्णयावरच अडलं होतं. आत्ता माझे पाय गार पडले. मी मरणार होते. अंगणात ऊन होतं, दोरे ताणलेले होते, फरशीवर मीठ सांडलं होतं आणि मी मरणार होते, आणि मला मरायचं नव्हतं, अजिबात मरायचं नव्हतं.

"असं कसं बरं म्हनता?" मी ओरडले. "भांडा ना!"

सरांनी माझी बोटं एकेक करून स्टेअरिंगवरून सोडवली. एक हात पाठीमागं घातला, एक गुडघ्यांखाली, आणि मला सीटवरून उचललं. उभ्या जन्मात त्यांनी मला उचललं नव्हतं, जमलंच नसतं. ते मिठावरून जपून पाय टाकत घराकडे चालले होते, आणि मी त्यांच्या शर्टाची कॉलर मुठीत धरून कानाशी तेच तेच बोलत होते, भांडा ना सर, एक डाव पाहू म्हना ना, म्हना ना.